घाबरलेल्या शरीराला हात लावण्याआधी : बडोद्यातील व्यायामशाळा आणि योगवर्गांना खुले पत्र

प्रति,
बडोदे शहरातील व्यायामशाळा, आखाडे, योगवर्ग आणि मराठी मंडळे यांचे संचालक, विश्वस्त व शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली २७ वर्षे याच शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. हे पत्र मानसोपचारतज्ज्ञांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, याचे कारण साधे आहे. आपल्या समाजात ज्याला धसका बसला आहे असा माणूस आधी मनाच्या डॉक्टरकडे जात नाही. त्याची मान आखडते, कंबर धरते, झोप उडते, पोट बिघडते, आणि मग तो कुणाच्या तरी सांगण्यावरून माझ्याकडे शेक घ्यायला येतो किंवा आपल्याकडे प्राणायाम शिकायला येतो. म्हणजे घाबरलेले शरीर प्रथम ज्या दारात उभे राहते ते दार आपले आणि माझे असते, आणि त्या दारात त्याचे काय होते याचा विचार आपण कुणीही नीट केलेला नाही. मीही केला नव्हता. तो करायला मला एका काकूंनी शिकवले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो प्रसंग आधी सांगते.

काकू पासष्टीच्या, नदीपासून फार लांब नसलेल्या वसाहतीत तळमजल्यावर राहणाऱ्या. उजवा खांदा वर जात नाही, वेणी घालता येत नाही, अशी तक्रार घेऊन आल्या. एक्स-रे स्वच्छ होता, साखर ताब्यात होती. मी त्यांना नेहमीप्रमाणे टेबलावर उताणे झोपवले, त्यांच्या डोक्याच्या बाजूला उभी राहिले आणि दंड धरून हात हळूहळू वर नेऊ लागले. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत आणि चेहऱ्यावर वेदनेची रेषही उमटली नाही. काकू सोशिक आहेत आणि आज चांगली प्रगती होते आहे, असे मला वाटले. मग माझी नजर त्यांच्या डाव्या हाताकडे गेली. त्या हाताने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखे पांढरी पडली होती. पोटाकडे पाहिले तर ते हलत नव्हते. त्यांनी श्वास धरून ठेवला होता.

मी हात खाली ठेवला, बाजूला झाले आणि त्यांना उठवून दाराकडे तोंड होईल अशा खुर्चीवर बसवले. पाय फरशीला टेकलेले जाणवतात का, एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पाणी आलं होतं ना, तेव्हा अशीच पडून होते माळ्यावर. वर छत, खाली पाणी. हे म्हणत होते, हलू नकोस, आवाज करू नकोस, खाली मगर असेल." ऑगस्ट २०२४ ची ती गोष्ट. गोकुळाष्टमीच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि मगरींचे वास्तव्य असलेली आपली विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, हे आपणा सर्वांच्या अंगावरून गेलेले आहे. काकूंनी दोन रात्री अंधारात तशा काढल्या होत्या. पाणी ओसरले, घर धुतले, फर्निचर बदलले, आणि पाच महिन्यांनी खांदा धरला. त्या दोन रात्रींबद्दल त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्या "देवाच्या कृपेने वाचलो" एवढेच म्हणाल्या असत्या. त्या दिवशी मी त्यांना पुन्हा तसेच आडवे केले होते, डोक्यामागे उभी राहिले होते, हात धरून ठेवला होता आणि त्यांचे न हलणे हे सहकार्य समजले होते. ही माझी चूक होती आणि ती मी किती जणांच्या बाबतीत केली असेल याचा हिशेब मला लावता येत नाही.

शरीरात तेव्हा काय घडते, ते आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, माणूस जागच्या जागी थिजतो, वाचा बसते. हे सगळे शब्द शब्दशः खरे आहेत. धोक्याची चाहूल लागताच मेंदूच्या आतल्या भागातील अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचारांची वाट न पाहता इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, हृदय वेगाने चालू लागते, रक्त पचनसंस्थेकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, आणि शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. पळणे आणि लढणे दोन्ही अशक्य असेल तेव्हा तिसरी गोष्ट घडते, ती म्हणजे थिजणे. स्नायू ताठरतात, आवाज फुटत नाही, वेदनाही बोथट होते. यात भित्रेपणाचा प्रश्न येत नाही, कारण ही निवड त्या माणसाने केलेलीच नसते. अत्याचार झालेल्या कित्येक स्त्रियांना "तू ओरडली का नाहीस" असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला शरीराचा हा धर्म ठाऊक नसतो.

बहुतेकांच्या बाबतीत धोका टळल्यावर ही यंत्रणा काही दिवसांत किंवा आठवड्यांत शांत होते. काहींच्या बाबतीत होत नाही. महिन्याहून अधिक काळ तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे, दचकणे, झोप न लागणे, त्या आठवणीशी संबंधित जागा टाळणे ही लक्षणे टिकली, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेने हे निदान १९८० मध्ये अधिकृत केले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा आठ रुग्णांना त्यांच्याच आघाताचे वर्णन ऐकवून मेंदूची चित्रे घेण्यात आली. भीतीशी संबंधित भागांत हालचाल वाढलेली दिसली, आणि बोलण्याशी संबंधित असलेल्या ब्रोका क्षेत्रात ती मंदावलेली दिसली. "वाचा बसली" या आपल्या वाक्प्रचाराचे याहून स्पष्ट चित्र मी पाहिलेले नाही. ज्या माणसाला त्या प्रसंगाबद्दल बोलताच येत नाही, त्याला "बोल, मन मोकळे कर" असे वारंवार सांगण्याने काय साधणार, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो, आणि शरीराच्या वाटेने जाणाऱ्या उपचारांचा जन्मही याच प्रश्नातून झाला.

या उपचारांत अनेक पद्धती आहेत आणि त्यांची नावे आता आपल्याकडील जाहिरातींतही दिसू लागली आहेत, म्हणून थोडे सांगते. पीटर लेव्हिन यांनी विकसित केलेल्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग या पद्धतीत रुग्णाला आघाताची पूर्ण कहाणी सांगायला लावत नाहीत. शरीरात आत्ता काय जाणवते, कुठे घट्ट आहे, कुठे ऊब आहे, कुठे काहीच जाणवत नाही, याकडे त्याचे लक्ष हळुवारपणे नेतात. भीतीच्या जाणिवेला थेंबभर स्पर्श करायचा आणि लगेच शरीरातील एखाद्या स्वस्थ जागी परतायचे, असा तो झोका असतो. पॅट ऑग्डेन यांच्या सेन्सरीमोटर पद्धतीत अर्धवट राहिलेल्या हालचालींकडे, म्हणजे ढकलायचे राहून गेलेल्या हातांकडे आणि पळायचे राहून गेलेल्या पायांकडे लक्ष दिले जाते. आणि बॉस्टनजवळ डेव्हिड इमर्सन यांनी बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या केंद्रात आघातग्रस्तांसाठी योगवर्गाची एक वेगळी रीत बसवली. आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध या तिसऱ्या गोष्टीचा आहे.

त्या रीतीत आसने तीच असतात. बदलते ती शिकवणाऱ्याची भाषा आणि त्याचे उभे राहणे. शिक्षक आज्ञा देत नाही, पर्याय देतो: "वाटल्यास हात वर घ्या, वाटल्यास मांडीवरच राहू द्या." तो विद्यार्थ्यांच्या मागून फिरत नाही आणि आसन सुधारण्यासाठी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. डोळे उघडे ठेवण्याची मुभा असते. दार कुठे आहे ते सर्वांना दिसते. आसन अचूक जमणे हे उद्दिष्टच नसते. आपल्या शरीरात काय चालले आहे ते जाणवणे आणि पुढे काय करायचे ते आपण ठरवणे, एवढेच उद्दिष्ट असते. ज्याच्या शरीरावर एकदा दुसऱ्याची किंवा निसर्गाची सत्ता चालली, त्याला "हे माझे आहे, मी थांबू शकते" हा अनुभव पुन्हा पुन्हा मिळणे हेच तेथे औषध ठरते.

पुरावा किती आहे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण या क्षेत्रात दावे फार आणि तपासणी थोडी असा प्रकार वाढला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दीर्घकाळ उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया होत्या. निम्म्यांनी दहा आठवडे आठवड्यातून एक तास असा योगवर्ग केला, उरलेल्यांनी आरोग्यशिक्षणाचा वर्ग केला. शेवटी योगगटातील ५२ टक्के स्त्रिया विकाराच्या निकषांतून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. २०२३ मध्ये अमेरिकी सैन्यात लैंगिक अत्याचार सोसलेल्या १३१ स्त्रियांवरील प्रयोगात या योगाचा परिणाम एका मान्यताप्राप्त बोलण्याच्या उपचाराच्या बरोबरीचा दिसला आणि योगाचा क्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. लेव्हिन यांच्या पद्धतीवर २०१७ मध्ये इस्रायलमध्ये ६३ जणांवर नियंत्रित प्रयोग झाला आणि त्यातही चांगला फरक आढळला. हे आकडे आशा देणारे आहेत, पण लहान आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्यांची शिफारस केली ते उपचार म्हणजे आघातकेंद्री वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर. शरीराधारित पद्धती अजून त्या पायरीवर पोहोचलेल्या नाहीत. भीती आणि सुरक्षिततेची जाणीव यांचा संबंध मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूशी जोडणारा स्टीफन पोर्जेस यांचा १९९४ चा सिद्धान्त शिबिरांतून सिद्ध विज्ञान म्हणून सांगितला जातो, मात्र त्याच्या पायाभूत गृहीतकांबद्दल शरीरक्रियाशास्त्रज्ञांत गंभीर मतभेद आहेत. म्हणून आपल्यापैकी कुणी "ट्रॉमा कायमचा बरा करतो" असा फलक लावणार असेल, तर त्याला माझा विरोध राहील.

आपल्या देशातील पुराव्यांपैकी दोन मला आपल्या शहरासाठी विशेष महत्त्वाचे वाटतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील १३ गावांत १५० जणांना लेव्हिन यांच्या पद्धतीवर आधारलेली सव्वा तासाची एकच बैठक देण्यात आली आणि आठ महिन्यांनी विचारले तेव्हा बहुतेकांनी आपल्याला बरे वाटत असल्याचे सांगितले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र तिथे नव्हता. २००८ च्या बिहारमधील महापुरानंतर महिन्याभराने २२ जणांवर एक प्रयोग झाला. एका गटाने आठवडाभर योगाभ्यास केला, दुसऱ्याने केला नाही. योग करणाऱ्यांची उदासी कमी झाली, आणि काहीच न करणाऱ्यांची चिंता त्या आठवड्यात उलट वाढली. बावीस ही फार छोटी संख्या आहे. तरीही पूर ओसरल्यावर गाळ काढायला जितकी माणसे धावली त्यांच्या शंभराव्या हिश्श्याएवढी माणसे जरी पूरग्रस्तांच्या वस्त्यांत शांतपणे श्वास घ्यायला शिकवत बसली असती तर किती बरे झाले असते, हा विचार तो प्रयोग वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

पूर ही एकच गोष्ट नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. जी मुले वाचली ती आपल्यातच मोठी होत आहेत. त्यांतले कुणी उद्या आपल्या आखाड्यात मल्लखांब शिकायला आले, दोराला लटकताना अचानक हात सोडून बसले, तर आपण त्याला "घाबरतोस काय, मर्दासारखा चढ" असे म्हणणार आहोत का, हे आजच ठरवायला हवे.

हे सगळे परदेशातून आलेले आहे, आपल्या परंपरेला त्याची काय गरज, असे काही ज्येष्ठ शिक्षक मला म्हणाले. त्यांना मी अत्यंत आदराने आपल्याच शहराचा इतिहास आठवून पाहायला सांगते. राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा, डभोईत जन्मलेला एक तरुण शिकत होता. तोच पुढे स्वामी कुवलयानंद झाला. मालसरच्या माधवदासजींकडून योग शिकल्यावर त्यांनी काय केले? १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान बंध आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम तपासले, आणि मग १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाचे नियतकालिक काढले. परंपरेवर ज्यांची एवढी निष्ठा होती त्यांनाही ती तपासून घेण्यात कमीपणा वाटला नाही. माणिकरावांच्या आखाड्यात तर कसरतीच्या जोडीला मोडलेली हाडे बसवण्याचे कामही चाले. व्यायामशाळेत दुखावलेल्या माणसावर उपचार होणे हे बडोद्यात काही नवे नाही. आता दुखापत कुठल्या जातीची आहे ते ओळखण्याची वेळ आली आहे, इतकेच.

आता माझी तक्रार. ती कुणा एका संस्थेविरुद्ध नाही, म्हणून कुणाचेही नाव घेत नाही. मागच्या वर्षी शहरात एक निवासी शिबिर झाले. त्यात मोठ्या सभागृहात शेकडो माणसांना बसवून, ढोलाच्या तालावर जोरजोराने श्वास घ्यायला लावून, "आतले सगळे बाहेर काढा" असे सांगण्यात आले. माझ्याकडे गुडघ्यासाठी येणाऱ्या एका बाईंची एकवीस वर्षांची मुलगी तिथे गेली होती. श्वास वेगाने सोडत राहिल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, बोटे वाकडी होऊन मुंग्या आल्या, चक्कर आली, आणि लहानपणी घडलेला एक प्रसंग तिला सर्वांसमोर दिसू लागला. आयोजकांनी त्याला शुद्धी म्हटले. ती मुलगी त्यानंतर सहा आठवडे दिवा लावून झोपत होती. बंद दाराला जोराने धडक देऊन ते उघडले म्हणजे आतल्या माणसाची सुटका झाली असे होत नाही. आतले माणूस दाराला पाठ लावूनच बसलेले असू शकते. शरीराच्या वाटेने जाणारे उपचार हळू असतात, थोडे असतात, आणि थांबवता येण्यासारखे असतात. ज्यात थांबता येत नाही ते मी उपचार मानत नाही, त्याला कितीही जुने किंवा नवे नाव दिलेले असो.

शिबिरे दूर राहिली, आपल्या रोजच्या वर्गांतही न कळत बरेच घडते. भस्त्रिका आणि कपालभाती सर्वांना सरसकट करायला लावली जाते, पण ज्याची छाती आधीच धडधडते आहे त्याला वेगवान श्वास म्हणजे पुन्हा तीच भीती. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते हे खरे आहे, तरीही काही जणांना नुसते श्वासाकडे लक्ष द्या म्हटल्यानेच गुदमरते. त्यांच्यासाठी तळपायांकडे किंवा समोरच्या खिडकीतल्या झाडाकडे लक्ष देणे सोपे असते. शवासन आपण विश्रांती म्हणून देतो, आणि डोळे मिटून उताणे पडणे हे कुणाकुणासाठी सर्वांत असुरक्षित आसन असते. वर्गातली एखादी बाई शवासनाच्या वेळी दररोज "जरा काम आहे" म्हणून निघून जात असेल, तर ती आळशी आहे असे समजू नका. आणि स्पर्श. एका योगवर्गात एका तरुणीला शिक्षकांनी मागून येऊन, न विचारता, कंबरेला धरून पश्चिमोत्तानासनात खाली दाबले. हेतू निर्मळच असणार याबद्दल मला शंका नाही. ती मुलगी मात्र त्यानंतर कोणत्याही वर्गाला गेलेली नाही.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही, जागेचीही नाही. आपल्या प्रत्येक वर्गात, कालपासून येणारा असो की वीस वर्षांपासून येणारा असो, विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नये. आणि विचारावे तेही असे, की नाही म्हणणे सोपे जाईल. ज्याला डोळे उघडे ठेवायचे आहेत त्याने ठेवावेत, ज्याला शवासनाऐवजी भिंतीला टेकून बसायचे आहे त्याने बसावे, आणि मध्येच उठून जाणाऱ्याला सर्वांसमोर कारण विचारले जाऊ नये. याला एक रुपयाही लागत नाही. यामुळे शिस्त बिघडेल ही भीती मला समजते, पण आखाड्याची शिस्त आणि घाबरलेल्या माणसाचा निवांतपणा यांसाठी दिवसाचे दोन वेगळे तास ठेवता येतील.

तोच दुसरा विषय. आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातून एकदा एक शांत तास ठेवावा, आठ-दहा माणसांचा, ज्यात बक्षिसे, प्रात्यक्षिके, चित्रीकरण यांपैकी काहीही नसेल. मराठी मंडळांची सभागृहे दुपारी बहुधा रिकामी असतात आणि घरच्या बायकांना दुपारीच बाहेर पडता येते. मंडळात जाते म्हटले की घरात प्रश्नही विचारले जात नाहीत. स्त्रियांच्या वर्गाला स्त्री शिक्षिका असावी. त्या तासाला ट्रॉमा असे नाव देण्याचीही गरज नाही. येणाऱ्याला त्याची कहाणी विचारू नये, आणि त्याने आपणहून सांगितली तर ती चहाच्या टेबलावर जाऊ नये. आपला समाज छोटा आहे. रावपुऱ्यात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मांजलपुरात पोहोचते, हे आपण सारे जाणतो, आणि याच भीतीने कित्येक जण कुणाकडेच जात नाहीत.

हा तास चालवणाऱ्या शिक्षकाने आपण मानसोपचारतज्ज्ञ आहोत असे कधीही भासवू नये. निदान करणे, गोळ्या बंद करायला सांगणे, आठवणी उकरून काढणे हे आपले काम नाही. कुणी जीव द्यायचे बोलले, कुणाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, कुणाला मधला वेळ कुठे गेला तेच आठवेनासे झाले, दारू वाढली, तर त्याला सोबत घेऊन सयाजीराव रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात जावे. नुसता पत्ता देऊन पाठवू नये. १४४१६ या क्रमांकाची, फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि ती मोफत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, हेही वर्गात सांगावे. आणि एक गोष्ट विसरू नये. जिला घरी आजही मार बसतो तिचे शरीर दचकते ते बरोबरच दचकते, धोका अजून संपलेला नाही म्हणून दचकते. तिला आधी शांत श्वास शिकवू नका. आधी अभयम् या महिलांसाठीच्या मदतसेवेचा १८१ हा क्रमांक द्या, आणि तिला हवे असेल तर तो फोन लावताना तिच्या शेजारी बसा.

काकूंचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी त्यांना पुन्हा टेबलावर झोपवले नाही. काही आठवडे आम्ही खुर्चीवर बसूनच काम केले, आणि समांतर एका मानसोपचारतज्ज्ञांकडेही त्या जात राहिल्या. एके दिवशी मी त्यांना भिंतीसमोर उभे राहून दोन्ही तळहात भिंतीला लावायला आणि जितके बरे वाटेल तितकेच ढकलायला सांगितले. त्यांनी ढकलले. मग जरा जास्त ढकलले. दंड थरथरू लागले, मी विचारले, थांबायचे का, त्या म्हणाल्या, "नाही, अजून." मिनिटभराने त्यांनी हात काढले, तळहात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "गरम झालेत." त्यांचे हात पुरापासून गार असायचे, हे मला त्या दिवशी कळले. हात आता कानाच्या पातळीपर्यंत वर जातो. वेणी अजून सूनच घालते. पावसाचा आवाज वाढला की त्या आजही उठून बसतात, पण पाय फरशीला टेकवून बसतात आणि थोड्या वेळाने पुन्हा आडव्या होतात.

आपल्यापैकी ज्या व्यायामशाळेला, योगवर्गाला किंवा मंडळाला हे शिकून घ्यायचे असेल, त्यांच्याकडे मी आणि माझ्या ओळखीचे एक मानसोपचारतज्ज्ञ दोन सकाळी येऊन शिक्षकांशी बोलायला तयार आहोत. मानधन नको. पाठ असलेल्या खुर्च्या, उघडे राहील असे दार आणि मोबाइल बाहेर ठेवायला एक टोपली, इतके पुरेल. पुढचा पावसाळा यायच्या आत झाले तर बरे.

आपली नम्र,
बडोद्यातील एक फिजिओथेरपिस्ट